ताप आला की डॉक्टरला आधी हे सांगा: "मी पाण्यात काम करतो"



पावसाळा जवळ आला की आपली घाई सुरू होते. जाळी खाली काढायची, उंदरांनी कुरतडलेलं शिवायचं, होडीच्या फटी भरायच्या, डांबर लावायचं. उंदरांना शिव्या घालत आपण जाळं शिवतो आणि विषय तिथंच संपतो. उंदरानं किती जाळं खाल्लं ह्याचा हिशोब आपण दर वर्षी करतो. तो जाळ्यावर मुतून गेला त्याचा हिशोब मात्र आपण कधी केला नाही. आजचा हा पाठ त्याच्यावर आहे. थोडा लांब आहे, पण घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

गेल्या पावसाळ्यात काय झालं

आपल्याच एका सभासदाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच लिहितोय. "माझं झालं ते झालं, दुसऱ्याचं होऊ नये, लिहा," असं ते स्वतः म्हणाले.

आषाढातले दिवस. चार दिवस संततधार. भाऊ रोज तळ्यावर. एका रविवारी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. पावसात भिजल्यानं आला असंल म्हणून दुकानातून गोळ्या आणल्या. सोमवारी ताप तसाच. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जमिनीवर पाय टेकवंना. वहिनींनी तेल लावून पाय चोळले. डोळे लाल झाले होते, पण "झोप नाही म्हणून" असं सगळ्यांनी धरलं. मंगळवारी एक दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, जरा बरं वाटलं. गुरुवारी डोळे पिवळे दिसायला लागले. मग कावीळ झाली म्हणून झाडपाल्याचं औषध आणलं, पथ्य सुरू केलं. त्यात दोन दिवस गेले. शनिवारी लघवी जवळपास बंद झाली, दम लागायला लागला. तेव्हा गाडी करून बेळगावला नेलं.

तिथं डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करतात?" घरच्यांनी सांगितलं, "शेती." खोटं नव्हतं, थोडं भात आहेच. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या डॉक्टरांनी हाताचे तळवे बघितले. बोटांच्या पेरांत दोरीचे काप, अंगठ्याला चिलापीचा काटा लागलेला. त्यांनी पुन्हा विचारलं, "हे कशानं झालं?" तेव्हा कळलं, "मासे धरतो साहेब, दिवसभर पाण्यात असतो." मग तपासणीची दिशा बदलली. लेप्टोस्पायरोसिस निघाला. मूत्रपिंडं बंद पडली होती. चार वेळा डायलिसिस करावं लागलं.

भाऊ वाचले. पण होडी दसऱ्यापर्यंत बांधून होती. हंगाम गेला, हप्ता थकला, वहिनींचं गळ्यातलं गहाण पडलं. आणि एक गोष्ट आम्ही लपवत नाही. ते जाळं ठेवलेलं होतं आपल्या संस्थेच्या तळ्याकाठच्या खोपीत. त्याच खोपीत कोंड्याची आणि पेंडेची पोती होती. तिथं उंदीर आहेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हा आजार नेमका त्याच खोपीतनं आला की पाण्यातनं, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण आम्हाला त्या पोत्यांकडं बघून झोप लागत नव्हती. म्हणून हे लिहितोय.

उंदीर पडला की गाव सोडायचं

उंदरापासून माणूस मरतो ही गोष्ट आपल्या भागाला नवीन नाही. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत तो पुणे, बेळगाव, धारवाड, हुबळी असा सगळीकडं पसरला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला त्याच आजारानं गेल्या. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. उंदरावरची पिसू हा रोग माणसाला देते हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं.

शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं तरी जुन्या लोकांना एक खूण पक्की माहीत होती. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडायचं आणि रानात खोपी घालून राहायचं. कारण प्लेगात आधी उंदीर मरतो. तो मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडं येतात. म्हणजे उंदीर मरताना इशारा देऊन जायचा.

लेप्टोत हा इशारा मिळत नाही, आणि इथंच आपण फसतो. लेप्टोचा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो, पण उंदराला काहीही होत नाही. तो खातो, पळतो, पिलं घालतो आणि महिनोन्‌महिने लघवीतून जंतू सोडत राहतो. "आमच्याकडं कुठं उंदीर मरून पडलेत?" असं म्हणून गप्प बसण्यात काही अर्थ नाही. इथं धडधाकट उंदीरच धोक्याचा.

लेप्टो म्हणजे काय

लेप्टोस्पायरा हा डोळ्यांना न दिसणारा, स्क्रूसारखा पिळदार जंतू आहे. कन्नडमध्ये ह्या आजाराला 'इली ज्वर' म्हणतात, म्हणजे सरळ उंदीरताप. केरळातही लोक त्याला उंदीरतापच म्हणतात. १८८६ साली जर्मनीत अडॉल्फ वाईल यांनी ह्याच्या जबर प्रकाराचं वर्णन केलं. १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो ह्या डॉक्टरांनी जंतू शोधून काढला. तिथं कोळशाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या मजुरांना हा ताप यायचा.

हा आजार आधीपासून पाण्यातल्या कामकऱ्यांचा आहे. खाणीतला मजूर, गटार साफ करणारा, भातलावणी करणारा, ऊस तोडणारा आणि मासे धरणारा. १९३० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन बंदरात मासे साफ करणाऱ्या कामगारांत डॉक्टरांना हा आजार सापडला होता. ओली निसरडी फरशी, उंदरांचा सुळसुळाट आणि हातावर सुरीचे काप, एवढंच कारण पुरलं. बाजारात मासे कापून देणाऱ्या आपल्या बहिणींनी हे ध्यानात ठेवावं. धोका फक्त होडीवरच्या माणसाला नाही.

जगात दर वर्षी सुमारे १० लाख लोकांना हा आजार होतो आणि त्यातले ५९ हजारांच्या आसपास दगावतात, असा संशोधकांचा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या जवळचं बघायचं तर कोकणात सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे रोगी सापडत आलेत. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लाखो लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. २०१८ च्या पुरानंतर केरळातही तेच झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यात मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा, वेदगंगा सगळ्या नद्या पात्र सोडून बाहेर आल्या होत्या. पुराच्या पाण्यात बिळं बुडतात, उंदीर आणि घुशी माणसांच्या घरात येतात आणि सगळ्यांची घाण एकाच पाण्यात मिसळते.

गोड्या पाण्यातल्या माणसाला जास्त धोका

हा जंतू खाऱ्या पाण्यात, कडक उन्हात आणि कोरड्या जागेत फार टिकत नाही. गोड्या पाण्यात, चिखलात आणि ओल्या सावलीच्या जागेत मात्र कित्येक आठवडे जगतो. म्हणजे समुद्रावरच्या भावांपेक्षा मलप्रभेवर, धरणावर आणि तळ्यांवर काम करणाऱ्या आपल्याला ह्याची भीती जास्त. त्यात आपला खानापूर तालुका पावसाचा आणि भाताचा. जून ते ऑक्टोबर जमीन वाळतच नाही.

शिवाय उंदीर एकटाच नाही. घूस, कुत्रा, डुक्कर, गाय, म्हैस ह्यांच्या लघवीतूनही हा जंतू येऊ शकतो. ज्या तळ्यात म्हशी डुंबतात त्याच तळ्यात आपण पाग टाकतो, हे विसरू नका.

जंतू आपल्या अंगात कुठून शिरतो

चांगल्या कोरड्या कातडीतून तो सहसा शिरत नाही. त्याला वाट लागते, आणि ती वाट आपलं कामच करून देतं. एकेक बघा.

पहिली वाट, हातापायाचे काप. दोरीनं, गळानं, माशाच्या काट्यानं, होडीच्या खिळ्यानं झालेले. "एवढ्याशा जखमेला काय होतंय" म्हणून आपण तसेच पाण्यात उतरतो.

दुसरी वाट, चिखल्या. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत कातडी कुजते, भेगा पडतात. तासन्‌तास पाण्यात राहून पांढरी आणि मऊ झालेली कातडीही जंतूला अडवत नाही.

तिसरी वाट, डोळे, नाक आणि तोंड. पाणी उडतं, आपण ओल्या हातानं डोळा पुसतो. तहान लागली की ओंजळीनं तळ्याचं पाणी पितो.

चौथी वाट फक्त आपल्याच धंद्यातली आहे, म्हणून नीट वाचा. पाग फेकताना कितीतरी जण जाळ्याची कड दातांत धरतात. जाळं शिवताना दोरा दातानं तोडतात. तेच जाळं रात्रभर खोपीत पडलेलं असतं आणि त्याच्यावरनं उंदीर फिरलेला असतो. जाळं ओलं असेल तर जंतूही जिवंत असतो. ही सवय आजपासून मोडा. जाळं शिवताना कात्री नाहीतर ब्लेड जवळ ठेवा.

पाचवी वाट, होडीत साचलेलं पाणी. रात्रभर काठाला बांधलेल्या होडीत भाकरीचे तुकडे, मेलेले मासे राहतात. उंदीर येतो, खातो, घाण करतो. सकाळी आपण अनवाणी त्या पाण्यात उभं राहून डब्यानं पाणी उपसतो.

लक्षणं कशी ओळखायची

जंतू अंगात गेल्यावर ताप लगेच येत नाही. बहुतेक वेळा ५ ते १४ दिवसांनी येतो. कधी दोन दिवसांत, कधी महिन्यानंही. म्हणून "आज तर मी पाण्यात गेलोच नाही" हे कारण चालत नाही. मागचा महिना आठवा.

सुरुवातीची लक्षणं अशी:
१. अचानक जोराचा ताप, थंडी वाजून.
२. डोकं फुटल्यासारखं दुखणं.
३. अंगदुखी, आणि त्यातही पोटऱ्या आणि कंबर फार दुखणं. पोटरी दाबली तरी माणूस ओरडतो.
४. डोळे लाल होणं, पण डोळे आल्यावर येते तशी घाण न येणं.
५. उलट्या, पोटात दुखणं, जेवण न जाणं.

पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं ही जोडी ध्यानात ठेवा. पावसाळ्यात पाण्यातल्या माणसाला तापासोबत ही जोडी दिसली की थांबू नका. मात्र ही दोन्ही लक्षणं नसली म्हणून लेप्टो नाहीच असं समजू नका.

बऱ्याच जणांना हा आजार हलका होऊन जातो. काहींचा ताप मध्ये एक-दोन दिवस उतरतो, घरात आनंद होतो आणि मग आजार दुप्पट जोरानं उलटतो. साधारण दहातल्या एकाला तो जबर होतो. मग डोळे आणि लघवी पिवळी होते, लघवी कमी होते, दम लागतो, खोकल्यातून रक्त पडतं, माणूस बरळायला लागतो. ह्यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की दिवस, १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. सकाळची वाट बघू नका.

आणि काविळीबद्दल. डोळे पिवळे झाले म्हणजे दर वेळी नेहमीची कावीळ असते असं नाही. ताप असताना डोळे पिवळे झाले तर झाडपाला, काढा, कावीळ उतरवणं ह्यात एक दिवससुद्धा घालवू नका. ज्याची श्रद्धा आहे त्यानं ती ठेवावी, आमचं काही म्हणणं नाही. पण आधी रक्त तपासा.

डॉक्टरांना काय सांगायचं

हा आजार बरा होतो. औषधं जुनी, स्वस्त आणि सगळीकडं मिळणारी आहेत. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन, सेफ्ट्रिअॅक्झोन ह्यांसारखी. ती जितकी लवकर सुरू होतील तितका फायदा. अडचण औषधाची नाही, ओळखण्याची आहे. पावसाळ्यात डॉक्टरांपुढं रोज तापाचे कितीतरी रोगी असतात. मलेरिया, डेंगी, टायफॉइड, साधा ताप, सगळे पहिल्या दोन दिवसांत सारखेच दिसतात. त्यात हा लेप्टो असू शकतो हे डॉक्टरांच्या मनात येण्यासाठी तुमचं काम त्यांना कळलं पाहिजे. ते तुम्हीच सांगायचं.

आपल्यातले कितीतरी लोक दवाखान्याच्या कागदावर 'शेती' नाहीतर 'कूली' लिहून घेतात. मासे धरतो म्हणायला काहींना कमीपणा वाटतो. तो कमीपणा दवाखान्याच्या दारात सोडून आत जा. पहिलं वाक्य हेच बोला: "डॉक्टर, मी मासे धरतो. रोज पाण्यात असतो. हाताला जखम आहे. तिथं उंदीर आहेत." डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर असं सांगा: "नानु मीनु हिडियुव केलस माडुत्तेने, नीरिनल्ली इरुत्तेने." हे वाक्य कागदावर लिहून होडीच्या परवान्यासोबत ठेवा. माणूस तापात बेशुद्ध झाला तर घरच्यांना ते सांगता आलं पाहिजे. वहिनींनी, मुलांनी पाठ करा.

आणखी दोन गोष्टी. एक, लेप्टोची रक्ततपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत 'नाही' अशी येऊ शकते, कारण रक्तात त्याची खूण दिसायला वेळ लागतो. म्हणून एक रिपोर्ट चांगला आला तरी ताप असेल तर पुन्हा जा. डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधीच औषध सुरू केलं तर शंका घेऊ नका, ते बरोबर करतायत. दोन, आपल्या मनानं दुखण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं घेऊ नका. त्यातल्या काहींनी आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडावर आणखी ताण येतो. दवाखान्यात पोचेपर्यंत तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी एवढं पुरे.

आपल्याकडं माणसांसाठी ह्याची सर्रास मिळणारी लस नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही, कारण जंतूच्या जाती अनेक आहेत. पुरासारख्या वेळी डॉक्टर प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात. मुंबईत पाणी साचल्यावर महापालिका लोकांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते घ्यायला सांगते. पण हे औषध गरोदर बाईला, लहान मुलाला आपल्या मनानं द्यायचं नाही. दुकानातून परस्पर आणू नका. आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

उंदरापासून होणारे बाकीचे आजार

थोडक्यात सांगतो. प्लेग आता ऐकू येत नाही, पण १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतमध्ये त्यानं पुन्हा डोकं काढलं होतं. स्क्रब टायफस हा आजार उंदरांच्या अंगावर आणि झुडपांत वाढणाऱ्या बारीक किड्यांच्या चावण्यानं होतो. ताप येतो आणि अंगावर कुठंतरी, काखेत नाहीतर जांघेत, सिगारेटनं भाजल्यासारखा काळा डाग दिसतो. असा डाग दिसला तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. तोही औषधानं बरा होतो. माकडताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला आणि २०१६ मध्ये आपल्या शेजारच्या दोडामार्गात त्याचे रोगी आढळले. तो गोचिडीमुळं होतो, पण जंगलातले उंदीर आणि चिचुंद्र्या त्या विषाणूला जगवतात. सरपणाला जंगलात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत. आणि उंदरानं तोंड लावलेलं अन्न खाल्लं तर जुलाब-उलट्या होतात, हे तर सगळ्यांना ठाऊक आहेच.

आता करायचं काय

एकदम सगळं जमणार नाही. जमेल तिथून सुरू करा.

खाद्य आणि जाळं एका जागी ठेवू नका. भाताचा कोंडा आणि शेंगपेंड ह्यांच्या वासानंच उंदीर येतो. खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिंपात ठेवा. पोतं उंदराला अडवत नाही.

जाळं काम झाल्यावर स्वच्छ पाण्यानं धुऊन ऊन असेल तेव्हा पूर्ण वाळवा. ऊन आणि कोरडेपणा हेच ह्या जंतूला फुकटचं औषध. पावसात वारं लागेल अशा जागी दोरीवर उंच टांगा, जमिनीवर ढीग करू नका.

होडी बांधताना आत अन्न आणि मेलेले मासे ठेवू नका. पाणी उपसताना पायात गमबूट असू द्या. गमबूट नसेल तर निदान उंच काठावरनं उपसा. जमलं तर होडी पालथी घाला.

अंगावरची जखम पाण्यात उतरायच्या आधी धुऊन, पाणी न शिरणाऱ्या पट्टीनं झाका. कामावरून आल्यावर साबणानं हातपाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. चिखल्यांना वेळेवर मलम लावा. मासे साफ करणाऱ्यांनी रबरी हातमोजे घालावेत. सुरुवातीला हात चालत नाही, आठवड्यात सवय होते.

प्यायचं पाणी घरून न्या. तळ्याचं पिऊ नका.

खोपीच्या फटी बुजवा. मोठा उंदीरसुद्धा अर्ध्या इंचाच्या भोकातून आत येतो. सिमेंट, पत्रा, नाहीतर बारीक तारेची जाळी वापरा. भोवतालचं गवत कापा. माशांची आतडी काठावर टाकू नका, खड्ड्यात पुरा.

उंदीर मारायला पिंजरा चांगला. विष वापरायचंच असेल तर पोरांच्या, कुत्र्यांच्या आणि खाद्याच्या जवळ नको, पाण्याच्या काठावर तर अजिबात नको. मेलेला उंदीर तळ्यात भिरकावायची आपली खोड आहे, ती बंद करा. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला आणि खोल पुरा. जिथं त्यानं घाण केली ती फरशी कोरडी झाडू नका. आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं भिजवा, मग पुसा. ब्लीचिंगचं पाणी तळ्यात जाऊ देऊ नका, मासे मरतील. जाळ्यालाही ते लावू नका, धागा कुजतो.

संस्थेनं काय केलं, काय करणार

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपलं घर बघावं, म्हणून आम्ही खोपीतली सगळी पोती बाहेर काढली आहेत. खाद्यासाठी झाकणाची चार पिंपं आणली आहेत. जाळ्यांसाठी वेगळी, उघड्या हवेची मांडवी घालायची आहे. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी श्रमदान आहे. प्रत्येक होडीमागे एक माणूस यावा. बांबू संस्था देईल. गमबूट आणि हातमोजे एकत्र घेतले तर स्वस्त पडतात, ज्यांना हवेत त्यांनी पायाचं माप सांगावं. पैसे हप्त्यानं दिले तरी चालतील.

ज्या सभासदाची गोष्ट वर सांगितली ते आता पुन्हा तळ्यावर येतात. पूर्वीसारखी ताकद राहिली नाही, लवकर दमतात. परवा पाग फेकताना सवयीनं जाळ्याची कड दातांकडं गेली, मग थांबले आणि हातातच धरली. बाजूचं पोरगं विचारत होतं, "काका, असं का?" काकांनी त्याला सगळं सांगितलं. तुम्हीही आपल्या पोरांना सांगा.

पावसाळ्यात तुमच्या घरात कोणाला ताप आला आणि दवाखान्यात न्यायला गाडी नसेल, पैसे नसतील, तर रात्री कितीही वाजता आम्हाला फोन करा. नंबर सगळ्यांकडं आहे. आधी माणूस दवाखान्यात पोचू दे, पैशाचं नंतर बघू.

आपले,
सचिव आणि संचालक मंडळ